रंधलेल्या फळीची पारख

अठराव्या शतकात पवारांच्या पाठोपाठ माळव्यात येऊन धार येथे आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी वाडे उभारले, ते बहुतांशी लाकडाच्या बळावर. चिरलेल्या फळ्या सावलीत रचावयाच्या, एक-दोन पावसाळे जाऊ द्यावयाचे आणि मगच सुताराने रंधा हाती घ्यावयाचा, असा जुना क्रम होता. आज वखारीत यंत्रावर चारही बाजूंनी रंधलेल्या फळ्या तयार मिळतात आणि दार, देवघर किंवा पुस्तकांचे कपाट आठवड्याभरात उभे राहते. ही सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु नव्या घराच्या वास्तुशांतीपूर्वी गाठीचा पैसा ज्या लाकडात घालावयाचा, ते निव्वळ गुळगुळीत आहे म्हणून पसंत करणे शहाणपणाचे नव्हे.

रंधलेल्या फळीचा एक गुण प्रथम सांगितला पाहिजे. खडबडीत फळीवर करवतीच्या ओरखड्यांखाली जे दडते, ते रंधा उघडे करतो. गाठी, बारीक चिरा, किडीची भोके, तंतूंची दिशा हे सारे सामान्य गृहस्थालाही दिसू शकते. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो, तर सालीलगतचा भाग पांढुरका. वाळवी आणि भुंगा प्रथम या पांढुरक्या भागात शिरतात. म्हणून चौकटीसाठी गाभ्याचेच लाकूड मागावे, आणि आधीच रंग चढविलेली फळी घेऊ नये.

मात्र रंध्याने एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे लाकडातील ओल. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही. ते रुंदीत आटते. मेमधील कोरडे वारे आणि ऑगस्टमधील दमट हवा यांत लाकडातील ओल कमीजास्त होत राहते. ती सहा टक्क्यांनी बदलली, तर सागाची एक फूट रुंद फळी सुमारे तीन मिलिमीटर आटू वा फुगू शकते. उन्हाळ्यात नीट मिटणारे दार श्रावणात अडते, त्याचे कारण हेच. जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत खिळ्याविना सैल बसवीत, ते तिला हलण्यास वाव राहावा म्हणूनच.

म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न विचारावा तो असा : लाकूड वाळवून मग रंधले, की रंधून मग वाळत ठेवले? ओली असताना रंधलेली फळी पुढे वाळते, तेव्हा तिला बाक येतो, पीळ पडतो आणि रंधणीचा खर्च वाया जातो. ओल मोजण्याचे छोटे यंत्र आता मिळते. ते नसल्यास त्याच लाकडाचा लहान तुकडा मागून घरी तोलावा आणि आठवड्याने पुन्हा तोलावा. वजन ठळकपणे उतरले, तर माल कच्चा समजावा. घरातील कामासाठी ओल बारा टक्क्यांच्या आसपास असावी.

दुसरी परीक्षा डोळ्याची. फळी एका टोकाने उचलून तिच्या कडेवरून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. बाक असेल तर लगेच कळतो. सपाट जमिनीवर ठेवून चारही कोपरे दाबावेत. एखादा उचलत असेल, तर पीळ आहे. कडेला गुण्या लावावा. फळी तिरप्या प्रकाशात धरली असता यंत्राच्या पात्याच्या लाटा दिसतात. त्या खोल असल्या, तर घरी पुन्हा रंधावे लागेल.

तिसरी परीक्षा हिशेबाची. लाकूड घनफुटांत विकले जाते : लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणाकारास १४४ ने भागावे. सात फूट लांब, बारा इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी ०.८७५ घनफूट भरते. रंधून ती सव्वा इंच उरली, तर केवळ ०.७२९ घनफूट राहते. भाव कोणत्या मापाचा, रंधण्यापूर्वीचा की नंतरचा, हे आधी ठरवून घ्यावे. एक षष्ठांश लाकडाचा प्रश्न आहे. पावतीवर जात, माप व भाव लिहून घ्यावेत. मध्यप्रदेशात १९६९ च्या अधिनियमाने वनोपजाच्या व्यापाराचे नियमन होते, तेव्हा विनापावतीचा स्वस्त साग घेऊच नये.

सर्व कामांना रंधलेला मालच हवा असेही नाही. चौकटीभोवतीच्या पट्ट्या, कपाटाचे फळे, देवघराच्या कडा यांना तो सोयीचा. परंतु अनेक फळ्या जोडून मोठे मेज करावयाचे असेल, तर खडबडीत व अधिक जाड माल घ्यावा आणि जोडल्यानंतर एकदाच रंधून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींनी ध्यानी ठेवावी. जुना वाडा उतरवला जातो, तेव्हा त्याच्या तुळया कित्येकदा मिळेल त्या भावाने विकल्या जातात आणि त्याच पैशांत नव्या कच्च्या फळ्या आणल्या जातात. पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेला साग पुन्हा चिरून रंधता येतो. मात्र आधी त्यातील खिळे शोधून काढावेत, नाहीतर यंत्राचे पाते तुटते; आणि वाळवीने पोखरलेला भाग निराळा करावा. असा वासा विकण्यापूर्वी सुतारास एकदा दाखवावा. कदाचित नव्या घराचे दार त्यातूनच निघेल.