बांध पुसून काढलेला रस्ता

विलेपार्ले, सांताक्रूझ किंवा वांद्र्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीचे कागद उघडले, की त्यात 'अंतिम भूखंड क्रमांक अमुक, नगररचना योजना क्रमांक तमुक' अशी नोंद सापडते. बोलताना लोक 'एफपी नंबर' आणि 'टीपी स्कीम' म्हणतात आणि पुढे जातात. पण भूखंड 'अंतिम' असेल, तर त्याआधी कुठला तरी 'मूळ' भूखंड असला पाहिजे. तो होताच. आज जिथे सोसायटीची इमारत, समोर सरळ रस्ता आणि जवळ मैदान आहे, तिथे शंभरेक वर्षांपूर्वी साष्टीतली भातखाचरं आणि वाड्या होत्या. बांध वाकडेतिकडे. कुणाची जमीन चिंचोळी पट्टी, कुणाची तीन तुकड्यांत विखुरलेली, आणि बऱ्याच तुकड्यांपर्यंत पोचायला दुसऱ्याच्या बांधावरूनच जावं लागायचं. त्या खाचरांचे काटकोनी भूखंड झाले, रस्त्यांना आणि मैदानांना जागा निघाली, आणि मूळ मालक त्याच परिसरात जमीनमालक म्हणून टिकले. हे साधलं ती युक्ती म्हणजे नगररचना योजना. उपनगरं वसवण्यासाठी आलेली ही युक्ती पुढे मोडलेली वस्ती पुन्हा उभी करायलाही कामी आली.

जागा आणायची कुठून?

वस्ती नव्याने रचायची तर नगरपालिकेला सर्वांत आधी लागते ती जागा: रस्त्याला, गटाराला, शाळेला, बागेला. ती मिळवण्याचे मार्ग मोजकेच आहेत.

पहिला मार्ग भूसंपादनाचा. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी करताना त्याने हाच मार्ग धरला. सगळी जमीन ताब्यात घ्यायची, आखायची आणि भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे. आखणी देखणी होते, पण आधी तिजोरीत भरपूर पैसा लागतो आणि मूळ मालक कायमचा बाहेर पडतो.

दुसरा मार्ग विकास आराखड्याचा. संपूर्ण शहराचा नकाशा काढून कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे उद्यान हे ठरवायचं. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रत्येक नगरपालिकेला असा आराखडा करावाच लागतो. त्यातून शहराला दिशा मिळते, पण त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. एकाच्या जागेवर 'आरक्षण पडतं' आणि तो वर्षानुवर्षं अडकून राहतो. त्याच्या शेजाऱ्याच्या दारासमोरून मात्र आराखड्यातला रस्ता, म्हणजे 'डीपी रोड', जातो आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव चढतो. एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याचा फायदा उभा राहतो, म्हणून आरक्षणं कागदावरच राहतात आणि खटले लांबतात.

तिसरा मार्ग नगररचना योजनेचा. एका परिसरातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. सगळ्यांनी थोडी थोडी जागा सोडायची, त्यातून रस्ते आणि मैदानं काढायची, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत सगळ्यांना परत वाटायची. शेतीतल्या एकत्रीकरण योजनांची ज्यांना आठवण आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तिथे विखुरलेल्या तुकड्यांचं एक सलग शेत होतं, इथे शेताचा भूखंड होतो. एवढ्या सगळ्यात पालिकेला एक गुंठाही विकत घ्यावा लागत नाही.

फ्रँकफुर्टहून मुंबईला

या पद्धतीचं गाजलेलं उगमस्थान जर्मनीतलं फ्रँकफुर्ट. तिथे पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन शहराच्या कडेची शेतं इतकी अरुंद झाली होती, की त्यांवर घर बांधणंही अवघड होतं. शहर वाढत होतं, पण या पट्ट्यांपाशी येऊन अडत होतं. फ्रान्झ आडिकेस हे दोन दशकांहून अधिक काळ तिथले महापौर होते. त्यांनी पाठपुरावा करून १९०२ साली प्रशियाच्या विधिमंडळाकडून खास फ्रँकफुर्टपुरता कायदा करवून घेतला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मुंबई सरकारने जर्मन कायद्यांचा अभ्यास करवून घेतला आणि १९१५ साली मुंबई नगररचना कायदा आणला. भारतातला हा या प्रकारचा पहिला कायदा. याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार भारतात फिरत होते. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नयेत, हा त्यांचा आग्रह होता. दोन-चार अडचणीची घरं काढून गल्ली मोकळी करावी आणि बाकीचं गाव जगू द्यावं, असं ते सांगत.

१९१५च्या कायद्याखाली वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले अशा उपनगरांत योजना आखल्या गेल्या. त्या वेळी हा भाग मुंबई महापालिकेत नव्हता. वांद्र्याची स्वतःची नगरपालिका होती. मुंबईची हद्द १९५० साली उपनगरांत शिरली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. आजच्या उपनगरांचे कितीतरी सरळ रस्ते अशा छोट्या नगरपालिकांच्या काळात आखले गेले. खारला चुईम गावठाणातून बाहेर पडून क्रमांकाच्या रस्त्यांवर आलं, की फरक पायांनाच कळतो. गावठाणात गल्ली घराघराला वळसे घालत जाते, तर बाहेर रस्ते पट्टीने ओढल्यासारखे आहेत.

अहमदाबादेत वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात नगरपालिकेचे अध्यक्ष होते. साबरमतीपलीकडच्या एलिसब्रिज भागाचा विस्तार अशाच योजनेतून झाला. जपानमध्ये १९२३च्या भूकंपात टोकियो भुईसपाट झाल्यावर मोठ्या प्रमाणावर हाच उपाय वापरला गेला. तिथे या पद्धतीला 'शहररचनेची आई' म्हणतात.

तक्त्यातलं गणित

ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: कुणी आपली जमीन अशी का सोडेल? उत्तर योजनेसोबतच्या एका लांबलचक तक्त्यात असतं. प्रत्येक मालकाची त्यात एक ओळ असते. मूळ भूखंड किती, त्याची किंमत काय, अंतिम भूखंड किती, त्याची सुधारणेआधीची आणि नंतरची किंमत काय, भरपाई किती, अंशदान किती, आणि शेवटी देणं की घेणं.

सोयीसाठी काही आकडे धरू. एका मालकाची ४० गुंठे जमीन आहे आणि आजचा भाव गुंठ्याला १ लाख, म्हणजे एकूण ४० लाख. योजनेत त्याची ४० टक्के जमीन गेली आणि हाती २४ गुंठे आले. गेलेल्या १६ गुंठ्यांचे १६ लाख रुपये ही त्याची भरपाई. पण आता भूखंड चौकोनी आहे, दारात रस्ता आहे, पाणी आणि गटार आहे. भाव गुंठ्याला ३ लाख झाला असं धरलं, तर २४ गुंठ्यांची किंमत २४ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. वाढ झाली ४८ लाखांची. ही वाढ मालकाच्या कष्टांतून आलेली नाही, ती योजनेमुळे आली. म्हणून योजनेच्या खर्चासाठी तिच्यातला वाटा मालकाकडून अंशदान म्हणून घेतला जातो. कायद्याने त्यावर मर्यादा घातली आहे, वाढीच्या निम्म्याहून अधिक नाही. निम्मा वाटा धरला तर २४ लाख. त्यातून १६ लाखांची भरपाई वजा केली, की त्याला ८ लाख भरावे लागतील. सगळा हिशेब मिटल्यावर त्याच्याकडे ६४ लाखांचं मोल उरतं. योजनेआधी ते ४० लाखांचं होतं. जमीन घटली, किंमत वाढली आणि रस्त्याचा खर्चही बराचसा निघाला.

सोडलेली जमीन कुठे जाते, याचं ढोबळ प्रमाण गुजरातच्या १९७६च्या कायद्यात दिलं आहे. एकूण क्षेत्राच्या १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागा आणि मैदानांना, ५ टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना आणि १५ टक्के विक्रीसाठी. विक्रीचे हे भूखंड प्राधिकरण पुढे बाजारभावाने विकतं आणि त्या पैशांतून पायाभूत कामं होतात. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड मोठ्या अंशी अशा योजनांतून मिळालेल्या जमिनीवर झाला आहे.

नकाशापासून ताब्यापर्यंत

महाराष्ट्रातली वाट थोडक्यात अशी. नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुधा नगरपालिका किंवा महापालिका, योजना करण्याचा इरादा ठरावाने जाहीर करते. मोजणी होते आणि सात-बारा व प्रॉपर्टी कार्डावरून मालकांची यादी तयार होते. मालकांची सभा घेऊन त्यांना पहिला आराखडा दाखवला जातो. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते, हरकती आणि सूचना येतात, आणि शासन मंजुरी देतं. त्यानंतर शासन लवाद नेमतं. तो प्रत्येक मालकाला बोलावून सुनावणी घेतो, भूखंडाची जागा आणि आकार कायम करतो, किमती ठरवतो. 'माझी विहीर तरी माझ्याकडे राहू द्या' इथपासून 'भावाची आणि माझी वाटणी वेगळी दाखवा' इथपर्यंत सगळं लवादासमोर येतं.

या न्यायबुद्धीची किंमत वेळेने मोजावी लागते. जुन्या योजना वर्षानुवर्षं रेंगाळत. सुरुवातीला धरलेला खर्च काम होईपर्यंत हास्यास्पद ठरे, आणि दरम्यान नको तिथे बांधकामं उभी राहत. म्हणून गुजरातने १९९९ साली कायदा दुरुस्त करून प्रारूप मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घेण्याची सोय केली. हिशेबाचे वाद मागून चालू राहतात, रस्ता मात्र आधी होतो. महाराष्ट्रात मधली कित्येक दशकं नव्या योजना जवळजवळ थांबल्या होत्या. अलीकडे पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणमध्ये आणि पनवेल परिसरात सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात हा मार्ग पुन्हा धरला गेला. 'नैना'त मालकाच्या हाती मूळ क्षेत्राच्या साधारण ४० टक्के भूखंड येतो. गावकऱ्यांचा विरोध मुख्यतः याच आकड्याला आहे. जमीन किती सुटते त्याइतकंच, तिची किंमत खरोखर वाढेल यावर मालकाचा विश्वास आहे का, यावर योजना उभी राहते किंवा पडते.

भूजची शस्त्रक्रिया

१९६६च्या कायद्यातली एक तरतूद सहज नजरेतून सुटते. नगररचना योजना मोकळ्या जमिनीइतकीच आधीच बांधकाम झालेल्या जागेवरही करता येते. म्हणजेच हे नूतनीकरणाचंही साधन आहे. त्याची सर्वांत कठीण परीक्षा गुजरातेत झाली. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात भूजचं तटबंदीतलं जुनं शहर कोसळलं. बोळ इतके अरुंद होते, की ढिगाऱ्यांनी वाटाच बुजल्या. पुन्हा तसंच गाव बांधलं असतं, तर पुढच्या भूकंपातही तेच झालं असतं.

तटाच्या आतल्या भागासाठी टीपी योजना आखल्या गेल्या. शेतजमिनीत ४० टक्के कपात सोसते. पण ज्याचं घरच खोलीभर आहे, त्याच्याकडून काय कापणार? म्हणून कपात पायरीपायरीने ठेवली. ३० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला कपात नाही. १०० चौरस मीटरपर्यंत १० टक्के, २०० पर्यंत २०, ५०० पर्यंत ३० आणि त्यापुढे ३५ टक्के. मोठ्या वाड्यांनी अधिक जागा सोडली म्हणून रस्ते रुंद झाले, आणि लहान घरवाल्याला त्याची जागा पुरती मिळाली. नवा भूखंड शक्यतो जुन्या जागेच्या जवळच देण्याचा प्रयत्न झाला, म्हणजे शेजार तुटू नये.

या पद्धतीचा एक दोष मात्र डोळ्याआड करता येत नाही. तक्त्यात ओळ असते ती मालकाची. भाडेकरू, झोपडीत राहणारा, कसणारा पण सात-बाऱ्यावर नाव नसलेला, यांना त्यात रकाना नसतो. दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती नकाशावर उतरवायला पालिकेची इच्छा लागते.

शंभर वर्षांनंतर

आज उपनगरांत जिकडे तिकडे पुनर्विकास चालू आहे. सोसायटीची सभा होते, विकासक निवडला जातो, चार मजल्यांच्या जागी पंधरा-वीस मजले उभे राहतात. २०१८ साली लागू झालेल्या मुंबईच्या विकास नियमावलीनुसार उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १ आहे, आणि तो किती वाढवता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे योजना आखताना नकाशावर कुणीतरी मारलेली रेघ आज ठरवते, की तुमच्या इमारतीवर किती मजले चढतील.

पण या पुनर्विकासात बदलते ती भूखंडाच्या आतली इमारत. भूखंडाची हद्द, रस्त्याची रुंदी, मैदानाचा आकार आहे तसाच राहतो. जिथे वीस कुटुंबं राहायची तिथे साठ राहू लागतात, गाड्या तिप्पट होतात, गटाराची नळी तीच असते. प्रत्येक सोसायटी आपल्यापुरता चोख हिशेब करते. सगळ्यांचा मिळून हिशेब मांडणारा तक्ता मात्र कुणाच्याच टेबलावर नसतो.

नगररचना योजनेत असा तक्ता होता. त्यात प्रत्येकाच्या ओळीत काहीतरी सोडलेलं आणि काहीतरी मिळालेलं दिसत असे, आणि सगळ्या ओळींची बेरीज रस्त्याच्या आणि मैदानाच्या रूपाने बाहेर दिसे. तो पुन्हा मांडण्याचा अधिकार कायद्याने पालिकांकडे आजही ठेवला आहे. पार्ल्यातली एखादी सोसायटी विकासकाशी करार करायला कागद काढते, तेव्हा त्यावर अजूनही 'अंतिम भूखंड' असंच लिहिलेलं असतं. भातखाचराच्या मालकांनीही आपला बांध कायमचा मानला होता. योजनेने तो पुसला, तेव्हाच तिथून रस्ता गेला.