जात्यावरच्या ओव्या : विचारायचं कसं, लिहायचं काय



शेतकी खात्याच्या माणसाचा धंदाच मुळी विचारण्याचा. लागण कधी केली, बेणं कुठलं आणलं, को ८६०३२ आहे की दुसरी जात, पाण्याची पाळी किती दिवसांनी येते. इथवर सभासद खुशाल सांगतात. सोसायटीची थकबाकी किंवा भावाभावांतली वाटणी निघाली की मात्र चहा येतो आणि विषय पालटतो. असे असताना घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या मनातलं विचारायचं काम आमच्याकडे आलं आहे. त्याबद्दल चार शब्द.

आपल्या कार्यक्षेत्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा कराव्यात असे सभासद भगिनींच्या मेळाव्यात ठरले. ही कल्पना नवी नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या एकत्र केल्या. बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत खंडच्या खंड काढले. पण आम्हाला पटली ती पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवाँ यांची रीत. दोघेही आता हयात नाहीत. ऐंशीच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी भागात बायकांमध्ये काम करताना त्यांना या ओव्यांचं मोल उमगलं. त्यांनी शहरातून कुणी फॉर्म घेऊन पाठवलं नाही. त्याच भागातल्या बाया आपल्या आयांना, चुलत्यांना, शेजारणींना विचारत गेल्या आणि वह्या भरत गेल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या जाणकाराने आवाज टेपवर घेतले. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसपर्यंत हे काम पोचलं. हजारावर गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. पी. साईनाथ यांच्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने २०१७ पासून त्या आवाजासकट लोकांपुढे आणल्या आहेत. मोबाईलवर ऐकता येतात, जरूर ऐका.

त्यातली एक गोष्ट आपल्या ऊस नोंदणीसारखी आहे. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचं नाव आणि गाव. नोंदीत जसा गट नंबर चुकला की ऊस दुसऱ्याच्या खात्यावर जातो, तसं नाव गळलं की ओवी 'लोकांची' होते, म्हणजे कुणाचीच राहत नाही.

तसं पाहिलं तर ओवी हा सहकारच. खुंट्याला दोघींचे हात. एकीने वैरण घालायची, एकीने ओळ धरायची, दुसरीने उचलून पुढे न्यायची. आणि बोलायची जागा तेवढी एकच. भरल्या घरात सुनेला सासूपुढे तोंड उघडता येत नव्हतं. पहाटे जात्यापाशी बसून भावाला, आईला, विठ्ठलाला, वनवासातल्या सीतेला उद्देशून म्हटलं की कुणाचं नाव घेतल्याचा बोल लागत नसे. पलीकडे अंथरुणावर जागी असलेली सासू ऐके ते ऐके. गावात पिठाची गिरणी आली, मनगटांना विसावा मिळाला, ते चांगलंच झालं. पण ती जागाही गेली.

आता अनुभव. "आजी, ओव्या येतात का?" या प्रश्नाला कार्यक्षेत्रभर उत्तर एकच आहे : "न्हाई बाबा, इसरलं समदं." म्हणून गटातल्या दोन भगिनीच आत जाऊन बसतात, आम्ही ओसरीवर. एका घरी त्यांनी विचारलं, "तुमच्या जोडीला दळायला कोण बसायचं?" म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धाकली जाऊ. बाळंतपणात गेली." आणि रिकाम्या भुईवर तिचा उजवा हात गोल फिरू लागला. हात फिरला तशा ओव्या आल्या, वीसेक तरी असतील. हात थांबवला की ओवी तुटायची. घरातल्या नातवाला आपल्या आजीला एक जाऊ होती हेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या एका वस्तीवर सवतीवरची ओवी निघाली. लिहून झाल्यावर बाई म्हणाली, "एवढी खोडा. तिची लेकरं हायेत गावात." तिचा मुलगा आपला जुना सभासद, तो म्हणाला, "राहू द्या हो साहेब, आता कोण काय म्हणतंय." आम्ही ओवी खोडली. शेअर कुणाच्याही नावावर असो, ओवीवरचा शब्द गाणारणीचा चालेल. याबद्दल दोघातिघांनी नाराजी कळवली आहे. आमचं मत बदललेलं नाही. छापण्यापूर्वी वही पुन्हा वाचून दाखवली जाईल. तेव्हाही 'नको' म्हणण्याची मुभा आहे.

काही सूज्ञ मंडळींनी सुचवले की देवाच्या आणि भाऊ-बहिणीच्या तेवढ्या घ्याव्यात, भांडणाच्या नकोत. बाबासाहेबांवरच्या ओव्या वेगळ्या ठेवाव्यात असेही एकाने सांगून पाहिले. असे निवडायला बसलो तर वही आमची होईल, त्यांची राहणार नाही. येतील त्या क्रमाने सगळ्या लिहीत आहोत. गाळप हंगामात अड्ड्यावर उतरलेल्या तोडकरी बायांकडेही जायचं आहे. मात्र त्या दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या सोयीनेच.

सभासदांना विनंती एवढीच. आईला, आजीला आधीपासून 'साहेब येणार आहेत, नीट सांग' असे बजावून ठेवू नये. भगिनी आत बसल्या असताना पुरुष मंडळींनी आमच्याजवळ बाहेरच थांबावे. लागणीच्या गप्पा मारू. घरात जुने जाते असेल, मग ते माळ्यावर पडलेले असो की तुळशीपाशी टेकवलेले, तर खुंटा बसवून ठेवावा. जोडीदारीण गावात दुसरीकडे हयात असेल तर तिलाही बोलवावे, गाडीची सोय आम्ही करू.

गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे निरोप ठेवला तरी चालेल. जिथे म्हातारीची तब्येत बरी नसेल तिथे तसे कळवावे, म्हणजे ते घर आधी घेऊ.