बोट घसरले आणि पान गेले

आमच्या शाळेला ७५ वर्षे होणार म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या होत्या. संगणकावर शाळेचे पान उघडायचे, तिथल्या चौकटीत मजकूर लिहायचा आणि पाठवून द्यायचा. मी आमच्या इंग्रजीच्या सरांवर लिहायला बसलो. दहावीच्या परीक्षेची माझी फी त्यांनी भरली होती, ही गोष्ट मी घरातही कधी बोललो नव्हतो. माझ्या वडिलांना कमीपणा वाटू नये म्हणून सरांनी पावतीसुद्धा स्वतःपाशीच ठेवली होती. सर आता नाहीत. काकू आहेत, त्या वाचतील, म्हणून एकेक शब्द जपून लिहीत गेलो. दोन तास गेले.

मग हात सवयीने कंट्रोल आणि एस या बटणांकडे गेला. लिहिलेले जतन करण्याची ही जोडी. चार ओळी झाल्या की बोटे आपोआप तिकडे वळतात. पण बोट जरा वर पडले. एसच्या डोक्यावरच डब्ल्यू बसलेला असतो, आणि कंट्रोलबरोबर डब्ल्यू दाबणे म्हणजे ब्राउझरला 'हे पान मिट' असा हुकूम देणे. पान मिटले. 'मिटू का?' असे कुणी विचारलेही नाही.

मुलीला फोन लावला. "बाबा, घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा, मिटलेले पान परत येते." आले की! चौकट मात्र कोरी.

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे जास्तच झोंबते. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. व्हाउचर एकाने करायचे, दुसऱ्याने तपासून सही करायची. तेव्हा या दुहेरी कारभाराला आम्ही नाके मुरडायचो. पण माणूस दमतो, त्याचे लक्ष उडते, हे ज्याने कुणी गृहीत धरले होते त्याला आज मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

संगणकवाल्यांना ही अक्कल नव्हती असे मात्र नाही. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली बाजारात आला. तो घडवणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप अशी बटणे योजली होती. तिन्ही डाव्या हाताशी, म्हणजे चुकून दाबली जाण्याची भीती. म्हणून एस्केप जाऊन तिथे पार उजवीकडचे डिलीट आले. दोन्ही हात लावल्याखेरीज काम होणार नाही. आमच्या दोन किल्ल्याच की या!

ब्राउझरमध्ये हा विचार उशिरा शिरला. पूर्वी बॅकस्पेस दाबले की, कर्सर चौकटीत नसेल तर, मागचे पान उघडे. लांबलचक फॉर्म भरणारा माणूस एक अक्षर खोडायला जाई आणि सगळा फॉर्मच हातचा जाई. क्रोमने ही सोय २०१६ साली काढून टाकली, फायरफॉक्सने विंडोजवर २०२१ साली. गंमत अशी, की सवय झालेल्यांनी त्यावरही कुरकुर केली.

डब्ल्यू मात्र जागचा हललेला नाही. भराभर काम करणाऱ्यांना तो हवा असतो, हेही खरे. मॅकवर तर कमांडबरोबर डब्ल्यू दाबला की पान मिटते आणि त्याच्या शेजारचा क्यू दाबला की सबंध ब्राउझरच बंद होतो. क्रोममध्ये निदान एक तजवीज आहे. ती चालू ठेवली तर क्यूची जोडी नुसती टेकवून भागत नाही, दाबून धरावी लागते. पान सोडण्याआधी ब्राउझरने विचारावे अशी व्यवस्था पान बनवणाऱ्यालाही करता येते. आमच्या शाळेच्या पानाला ते सुचले नव्हते, इतकेच.

रविवारी मुलगी आली. तिने मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज घातले; ते फुकट मिळते. त्यात कीबोर्ड मॅनेजर नावाचा भाग असतो. कंट्रोल-डब्ल्यू ही जोडी तिथे नोंदवायची आणि तिच्यापुढे 'निकामी' असा पर्याय निवडायचा. शेजारी ब्राउझरचे नाव लिहिले की बंदी तेवढ्यापुरतीच राहते. आता ती बटणे मी मुद्दाम दाबून पाहतो, काही होत नाही. जरा मजा वाटते. तरीही थेट चौकटीत लिहायचे मी सोडले आहे. आधी कच्ची वही, मग पक्की. तसा मजकूर आधी दुसरीकडे लिहून जतन करतो आणि मग चौकटीत आणून चिकटवतो.

सरांवरचे मात्र त्याच रात्री पुन्हा लिहिले होते. पहिल्या वेळी पावतीबद्दल एक वाक्य छान जमले होते, ते काही केल्या आठवेना. जसे आले तसे लिहून पाठवले.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. फी सरांनी भरल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. "ते असले कागद डिक्शनरीत ठेवायचे," त्या म्हणाल्या. "थांब, बघते मी. सापडली पावती तर तुला कळवते."