सिकलसेल आणि ‘चारात एक’चा हिशेब

सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल घरात आला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘हे कोणाकडून आलं?’ आणि ‘पुढच्या मुलाला होईल का?’ विदर्भातील वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे प्रश्न सतत ऐकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच घरांत सुनेकडे बोट दाखवून दिले जाते. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टर देतात, ‘पंचवीस टक्के शक्यता आहे.’ पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या पंचवीस टक्क्यांचा अर्थ बदललेला असतो. कोणी म्हणते, चारात एक म्हणजे एक मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही चांगली होणार. कोणी म्हणते, पंचवीस म्हणजे कमीच की, काही होत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील बौद्ध समाजात, आदिवासी समाजात आणि इतर काही मागास जातींत सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. नंदुरबारच्या आदिवासी भागातही तो आहे. त्यामुळे हा विषय आपल्या घरातला आहे.

वाटाण्यापासून सुरुवात

आनुवंशिकतेचा मूळ नियम ग्रेगर मेंडेल या ख्रिस्ती मठात राहणाऱ्या संशोधकाने शोधला. ब्रनो शहरातील मठाच्या बागेत त्याने वाटाण्यांवर प्रयोग केले आणि १८६६ साली त्याचा निबंध छापून आला. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाटाणे त्याने एकत्र केले, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुतलेपणा संपला असेच कोणालाही वाटले असते. पण त्याच झाडांची पुढची पिढी घेतली तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळपास तीनास एक. सुरकुतलेपणा संपलेला नव्हता, मधल्या पिढीत तो लपून होता.

मेंडेलने त्याचा अर्थ असा लावला की प्रत्येक गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. आज आपण त्यांना जनुके म्हणतो. एक जनुक प्रभावी आणि दुसरे अप्रभावी असेल तर अप्रभावी गुण दिसत नाही, पण पुढच्या पिढीला दिला जातो.

सिकलसेलचेही असेच आहे. रक्तातील हिमोग्लोबिन बनवणारे एक जनुक नेहमीचे, त्याला ‘ए’ म्हणू. त्यात एक बारीकसा बदल झालेले जनुक म्हणजे ‘एस’. या बदलामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवरचा एकच घटक वेगळा येतो. दोन्ही जनुके ‘एस’ असतील तर प्राणवायू कमी होताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. त्यातून असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग आणि अवयवांची हानी होते.

म्हणून माणसे तीन प्रकारची:

- एए: सिकलसेल नाही.
- एएस: वाहक. सहसा कोणताही त्रास नसतो.
- एसएस: रुग्ण. उपचार आणि काळजी आयुष्यभर.

दोन नाण्यांचा खेळ

नवरा-बायको दोघेही वाहक आहेत असे समजू. दोघांच्या हातात एकेक नाणे आहे. छापा म्हणजे ‘ए’, काटा म्हणजे ‘एस’. बाळ राहते तेव्हा दोघांचे नाणे एकेकदा उडते. चार निकाल शक्य आहेत: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा. म्हणजे बाळ एए असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि एसएस असण्याची चारात एक.

इथे सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की नाण्याला आठवण नसते. मागच्या वेळी काटा-काटा पडला म्हणून यावेळी तो टळत नाही. पहिले मूल एसएस असले तरी दुसऱ्यासाठी शक्यता पुन्हा चारात एक. दोन मुले आजारी असली तरी तिसऱ्यासाठी तीच. ‘चारात एक’ हा आकडा प्रत्येक गरोदरपणासाठी वेगळा लागू होतो, चार मुलांच्या कोट्यासाठी नाही.

आता ‘पंचवीस टक्के म्हणजे कमीच’ हा समज तपासू. एक मूल रुग्ण नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही मुले रुग्ण नसण्याची शक्यता चारात तीन गुणिले चारात तीन, म्हणजे सोळात नऊ. उरले सोळात सात. म्हणजे दोन मुले असलेल्या अशा जोडप्याच्या घरात किमान एक मूल रुग्ण असण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के आहे. तीन मुले असतील तर चौसष्टात सदतीस, म्हणजे निम्म्याहून जास्त.

इतर जोड्यांचा हिशेबही याच पद्धतीने निघतो:

- एए आणि एएस: एकही मूल रुग्ण नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी.
- एए आणि एसएस: सर्व मुले वाहक, रुग्ण एकही नाही.
- एएस आणि एसएस: प्रत्येक मूल रुग्ण असण्याची शक्यता निम्मी, नाहीतर वाहक.
- एसएस आणि एसएस: सर्व मुले रुग्ण.

यादीतली पहिली ओळ पुन्हा वाचा. वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. जोडीदार एए असेल तर त्यांच्या घरात सिकलसेलचा रुग्ण जन्माला येत नाही. एसएस असलेल्या व्यक्तीलाही हेच लागू आहे.

दोष कोणाचा?

एसएस बाळाला एक ‘एस’ आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेला असतो. काटा-काटा पडायला दोन्ही नाणी लागतात. म्हणून ‘तुझ्या माहेरचा आजार आमच्या घरात आणलास’ हे वाक्य गणितानेच खोटे ठरते. पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप, करणी या गोष्टींचा इथे काही संबंध नाही. कारण स्पष्ट आहे आणि ते मोजता येते.

हा कोणत्या जातीला लागलेला डागही नाही. ‘एस’ जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य सागराच्या काठीही आढळते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवले की वाहक व्यक्तींना घातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तिथे वाहक जास्त जगले आणि हे जनुक टिकले. लग्ने जातीतल्या जातीत होत राहिल्याने ते त्या त्या समाजात फिरत राहिले.

नात्यातील लग्न आणि घरातील निरोगी भावंडे

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. मुलगा वाहक आहे आणि त्याला ‘एस’ आईकडून मिळाला आहे असे धरू. त्याच्या आईला तो तिच्या आईवडिलांपैकी एकाकडून आला. म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि मामाची मुलगी वाहक असण्याची चारात एक. त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक गुणिले चारात एक, म्हणजे सोळात एक. बाहेरच्या समाजात समजा दहात एक वाहक असेल, तर नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न केल्यास हीच शक्यता चाळिसात एक होते.

दुसरी गोष्ट निरोगी भावंडांची. एसएस रुग्णाचा भाऊ धडधाकट आहे म्हणून कोणी त्याची तपासणी करत नाही. आईवडील दोघे वाहक असताना जे मूल रुग्ण नाही, त्याच्यासाठी तीनच निकाल उरतात आणि त्यातील दोन वाहकाचे आहेत. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. घरात एक रुग्ण सापडला की सर्व भावंडांची तपासणी लग्नाआधी झालीच पाहिजे.

कोणती तपासणी करायची?

शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात ‘एस’ आहे की नाही एवढेच सांगते. ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. तो कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आणखी एक कारण आहे. एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी चारात एक बाळाला सिकल-थॅलेसेमिया हा आजार होऊ शकतो. थॅलेसेमियाचा वाहक सोल्युबिलिटी चाचणीत सापडत नाही. म्हणून ‘शिबिरात निगेटिव्ह आलं’ एवढ्यावर थांबू नये. दोघेही वाहक निघाले आणि तरी एकत्र राहायचे ठरवले, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. पोटातल्या बाळाची तपासणी शक्य आहे, पण तिला वेळेची मर्यादा असते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. सरकारी आरोग्य यंत्रणेकडून तपासणी करून घ्या आणि मिळालेले कार्ड जपून ठेवा. जे आधीच रुग्ण आहेत त्यांच्यासाठी हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध उपलब्ध आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असल्याने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पुढच्या पिढीचा विचार करताना आज वेदना सोसणाऱ्यांना विसरून चालणार नाही.

समाज म्हणून आपण काय करू शकतो?

आमचे म्हणणे साधे आहे. वधू-वर परिचय मेळाव्यात पत्रिका नव्हे, रक्ताचा अहवाल विचारला जावा. मात्र तो मंचावरून जाहीर करू नये किंवा पुस्तिकेत छापू नये. ती त्या व्यक्तीची खाजगी बाब आहे. पसंती झाल्यावर, साक्षगंधाआधी, दोन्ही कुटुंबांनी तो एकमेकांना दाखवावा. दरवेळी मुलीचाच अहवाल मागितला जातो, हे थांबले पाहिजे. एका जोडीदाराच्या अहवालावरून हिशेब पूर्ण होत नाही. विहारात तपासणी शिबीर ठेवताना समुपदेशकही बोलवावा, नाहीतर हातात कागद येतो आणि मनात भीती.

तपासणीची सर्वात चांगली वेळ कॉलेजात असताना, म्हणजे मन कुठे गुंतण्याआधीची. लग्न ठरल्यावर कळले तर मने तुटतात, बाळ झाल्यावर कळले तर आयुष्यभराचे दुखणे पदरी पडते. आपल्या घरातील अठरा वर्षांच्या मुलामुलींना या महिन्यात तपासणीसाठी घेऊन जा, आणि सोबत स्वतःचीही करून घ्या.