वेटसूट: नाप कसा घ्यावा, माल कसा ओळखावा

गोंदियापासून समुद्र फार दूर. तरी महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर गाठून पुढे मालवण, तारकर्ली किंवा गोव्याला जाणारी आमच्या भागातली तरुण मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. लाटांवर फळी घेऊन खेळायचे, म्हणून ती कापडाच्या दुकानात 'वेटसूट मिळेल काय?' असे विचारतात. आम्ही हा माल ठेवत नाही. पण विचारणाऱ्याला बरोबर सल्ला देणे हेही तिजारतीचेच काम आहे, म्हणून व्यापारी व कारीगर बांधवांसाठी ही माहिती देत आहोत.

वेटसूट हा नेहमीच्या कापडाचा नसतो. निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा, बारीक बुडबुडे असलेला तो पत्रा असतो आणि त्यावर नायलॉनची जर्सी चिकटवलेली असते. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. '३/२' म्हणजे धडाला तीन, हातापायाला दोन. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील शास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी असा पोशाख तयार केला. यात पाणी शिरतेच, पण अंगालगत त्याचा पातळ थर अडकून कोमट होतो आणि बाहेरची थंडी रबरातले बुडबुडे अडवतात. पोशाख ढिला असला की प्रत्येक लाटेबरोबर नवे थंड पाणी आत येते. मग पैसे वायाच गेले म्हणायचे.

आपल्या दर्जी बांधवांचा हिशेब नेमका इथे उलटतो. आपण शर्टाला छातीच्या नापावर चार इंच ढिलाई देतो, आणि मुलाचे कपडे 'वाढते अंग आहे' म्हणून एक साइज मोठेच घेतो. वेटसूटला या दोन्ही सवयी चालत नाहीत. नाप नुसत्या अंगाचा घ्यावा: अनवाणी उंची, काखेखालून छाती, कंबर, बैठक आणि सोबत वजन. मग त्याच कंपनीचा तक्ता पाहावा. एका कंपनीचा 'एम' दुसरीच्या 'एल'एवढा असू शकतो. छाती आणि उंची आधी जुळवावी.

घालून पाहताना काखेत, पाठीच्या खोलगट भागात आणि गुडघ्यामागे पोकळी राहू नये. दोन्ही हात वर करावेत, उकिडवे बसावे, पूर्ण श्वास घ्यावा. श्वास अडत असेल किंवा गळा आवळत असेल तर तो साइज सोडून द्यावा. कोरडा असताना थोडा घट्ट वाटला तर हरकत नाही, पाण्यात तो किंचित सैल पडतो.

खरे सांगायचे तर कोकण-गोव्याचे पाणी कोमट. तिथे तासभर खेळणाऱ्याला जाड निओप्रीनची गरजच नाही. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख ऊन आणि फळीचे घर्षण दोन्ही अडवतो. आमच्या भगिनींसाठी सतराचा विचार करून डोक्यापासून घोट्यापर्यंतचा सैलसर पोशाख ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी यांनी २००४ मध्ये काढला, त्याला 'बुरकिनी' म्हणतात. अशी शिलाई आपल्या कारीगरांना जमण्यासारखी आहे: ओव्हरलॉक मशीन, जर्सीसाठीची गोल टोकाची सुई आणि ताणला तरी न तुटणारा धागा हवा. निओप्रीनचा नाद मात्र करू नये. त्याचे जोड आधी चिकटवून मग सुई आरपार न नेता शिवावे लागतात, त्याची मशीन वेगळी.

आता फळी. बॉडीबोर्ड १९७१ मध्ये हवाईत टॉम मोरे यांनी बनवला. तो फोमचा असतो, त्यावर पोटावर पडून लाट धरतात. उभा केला तर साधारण बेंबीपर्यंत यावा. कोमट पाण्यासाठी आतला फोम पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा, पॉलिएथिलीनचा उन्हात फार लवचिक होतो. फळीची दोरी दंडाला किंवा मनगटाला बांधतात.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला न विचारताही सांगावी. वेटसूट थोडा तरंगतो, म्हणून काही विक्रेते तो बुडण्यापासून वाचवतो असे सांगतात. तसे नाही. नवेगावबांधच्या तलावात नावेत बसतानाही लाइफ जॅकेट वेगळेच हवे. मालाचा ऐब झाकून केलेल्या विक्रीत बरकत नाही, आणि इथे तर जिवाचा प्रश्न आहे.

वापरानंतर सूट गोड्या पाण्यात धुवावा, उलटा करून सावलीत वाळवावा. इस्त्री कधीच फिरवू नये. बाहेरून मागवायचा असेल तर साइज बदलून मिळण्याची अट आधीच लिहून घ्यावी.