म्युझियमवाले परिषदेला जाऊन नेमकं करतात तरी काय?

ऑगस्ट २०१४. कैरोचं इजिप्शियन म्युझियम. तूतनखामेनचा तो जगप्रसिद्ध सोन्याचा मुखवटा, वजन दहा किलोंच्या वर आणि वय तीन हजार वर्षांहून जास्त. काचेच्या पेटीत काम सुरू असताना त्याची दाढी निखळली. तिथल्या लोकांनी ती घाईघाईत चिकटवून टाकली. कशाने? तर इपॉक्सीने. म्हणजे आपण घरात फुटलेली फरशी, तुटलेला नळ चिकटवायला आणतो त्याच जातीच्या गोंदाने. बाहेर आलेला जास्तीचा गोंद खरवडताना सोन्यावर ओरखडेही पडले.

जानेवारी २०१५ मध्ये हे जगाला कळलं आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. पुढे इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी काही आठवडे खपून तो गोंद काढला आणि दाढी मधमाशांच्या मेणाने पुन्हा बसवली. प्राचीन कारागिरांनीही मेणच वापरलं होतं. आठ जणांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली.

आता विचार करा. हे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या म्युझियमपैकी एकात झालं. तिथे दुरुस्तीचा वेगळा विभाग होता, माणसं होती. मग जिथे अख्खं म्युझियम एकच माणूस सांभाळतो, तिथे काय होत असेल?

आणि अशी म्युझियम्स आपल्याकडे कमी नाहीत. कुठे एक अभिरक्षक, एक लिपिक, एक शिपाई आणि एक वॉचमन. कुठे तर अभिरक्षकाचं पदच रिकामं. पण आतल्या वस्तू मात्र साध्यासुध्या नसतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी म्युझियम घ्या. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये डोंगरावर उभं केलेलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं शिल्पही आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या म्युझियममध्ये एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती सापडली ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत!

अशा ठिकाणी एखाद्या पावसाळ्यात चित्राच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली, तर विचारायचं कोणाला? शेजारच्या टेबलावर कोणी नसतंच. बँकेतल्या माणसाला दुसरा बँकवाला गावातच भेटतो, शिक्षकाला शिक्षक भेटतो. म्युझियमच्या माणसाला आपल्या धंद्यातलं दुसरं माणूस भेटायला बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं.

म्हणून परिषद.

ही काही आजकालची टूम नाही. ब्रिटनमध्ये म्युझियम्स असोसिएशन १८८९ मध्ये स्थापन झाली, अमेरिकेची संघटना १९०६ मध्ये. भारतातल्या म्युझियमवाल्यांची परिषद डिसेंबर १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये भरली होती, नंतर १९१२ मध्ये मद्रासला. १९३६ मध्ये मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज या दोघांनी भारतातल्या म्युझियम्सची पाहणी छापली, तेव्हा इतक्या मोठ्या देशात त्यांना मोजून १०५ म्युझियम्स सापडली. १९४४ मध्ये म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. आज म्युझियम्सची संख्या त्याच्या कैक पट झाली, पण एका म्युझियमपासून दुसऱ्याचं अंतर, म्हणजे माणसांमधलं अंतर, फारसं कमी झालेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पुस्तकं आहेत, यूट्यूब आहे, ऑनलाइन कोर्स आहेत. परिषदेला कशाला जायचं? आणि गेलंच तर दिल्लीला, परदेशात जावं. आपल्याच भागातल्या परिषदेला जाऊन काय मिळणार?

खरी गंमत इथेच आहे. म्युझियमच्या कामात सगळ्यात मोठा शत्रू चोर नसतो, हवा असते.

जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत एक नियम ठरलेला असायचा. तापमान २० अंशांच्या आसपास आणि हवेतली आर्द्रता ५० टक्के. आता हे रत्नागिरीत जुलै महिन्यात करून दाखवा. किंवा नागपुरात मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ च्या घरात असतो आणि कोरड्या हवेने लाकूड तडकतं. अलीकडे जगभरातल्या तज्ज्ञांनीही हा नियम सैल केलाय. एकच आकडा गाठण्याचा अट्टहास सोडा, अचानक होणारे चढउतार टाळा, असं ते आता सांगतात.

यातून एक अगदी व्यवहारातली गोष्ट निघते. अनेक छोट्या म्युझियममध्ये देणगीतून एसी बसतो. सकाळी दहाला चालू, संध्याकाळी पाचला बंद, कारण वीजबिल कोण भरणार? लाकूड, कापड, कागद, हस्तिदंत या वस्तू हवेतली आर्द्रता शोषतात आणि सोडतात. त्यामुळे दिवसा आकसायचं, रात्री फुगायचं, असं त्यांचं रोज चालू राहतं. रोज बंद-चालू होणारा एसी नसलेल्या एसीपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. हे वाक्य पुस्तकात असतंच. पण दुसऱ्या म्युझियमचा माणूस जेव्हा सांगतो की आम्ही एसी बंद केला, जाड भिंतींच्या आतल्या खोलीत कपाटं हलवली, पंखे लावले, खिडक्या कधी उघडायच्या याचं वेळापत्रक केलं, आणि हे त्याचे वर्षभराचे आकडे, तेव्हा ऐकणारा परत येऊन साहेबांना पटवू शकतो. सांगणाऱ्याकडेही तोच पावसाळा, तेच लोडशेडिंग आणि तेवढंच बजेट असतं.

म्हणूनच ‘प्रादेशिक’ या शब्दाचा अर्थ राज्याच्या सीमेशी बांधून घ्यायचं कारण नाही. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमधल्या म्युझियमचं दुखणं नागपूरच्या अजब बंगल्यापेक्षा गोव्याच्या म्युझियमला लवकर कळेल. नागपूरचं दुखणं जबलपूर-रायपूरला कळेल. अमेरिकेत तर म्युझियमवाल्यांच्या सहा प्रादेशिक संघटना आहेत, आणि राष्ट्रीय अधिवेशन असूनही त्यांच्या वेगळ्या परिषदा भरतात. जवळ असल्याने प्रवास स्वस्त पडतो, आणि पुढे काही अडलं तर त्या माणसाला गाडी काढून प्रत्यक्ष येताही येतं.

आता कसरीकडे वळू. जुनं कापड, पोथी, पैठणी यांना लागणारा किडा. घरात आपण डांबरगोळ्या टाकतो आणि अनेक म्युझियम्सनीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण डांबरगोळ्यांची वाफ माणसाच्या तब्येतीला बरी नाही. जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांचं प्रकरण तर आणखी गंभीर. पूर्वी कातडी टिकावी म्हणून आर्सेनिकचा लेप सर्रास लावत. त्यामुळे असा वाघ किंवा पक्षी हातमोज्यांशिवाय पुसणाऱ्या माणसाला आपण विष पुसतोय याची कल्पनाही नसते. ही माहिती शिपायापर्यंत पोहोचते का? परिषदेतल्या एखाद्या सत्रात हे ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी हातमोजे आणि मास्क मागवतो. नुसत्या याच एका गोष्टीसाठी प्रवासभत्ता वसूल झाला म्हणायला हरकत नाही.

कसरीवर आज वापरला जाणारा एक उपाय ऐकून लोकांना हसू येतं. डीप फ्रीझर. कापड प्लास्टिकमध्ये हवाबंद करायचं आणि उणे २० अंशांत निदान आठवडाभर ठेवायचं. किडा, अळी, अंडी, सगळं मरतं, आणि रसायनाचा थेंबही लागत नाही. पण हे वाचून कोणी घरची पैठणी लगेच फ्रीझरमध्ये कोंबू नये. घरचा फ्रीझर बहुतेकदा तेवढा थंड आणि स्थिर राहत नाही, आणि तैलचित्रासारख्या वस्तूंना हा उपाय चालतही नाही. कुठे चालतो आणि कुठे नाही, हे ज्याने चार वेळा करून पाहिलंय त्याच्याकडूनच शिकावं.

पुढचा विषय गोदामाचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत आणि प्रेक्षकांना दिसतात त्यातल्या अंदाजे अडीच हजार. जगभर हेच प्रमाण थोड्याफार फरकाने आहे. म्हणजे म्युझियमचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही, तो मागच्या खोल्यांत असतो. आणि मागच्या खोल्यांत काय असतं? तुटक्या खुर्च्या, जुने बॅनर, रंगाचे डबे आणि त्यांच्यामागे कुठेतरी अकराव्या शतकातली मूर्ती.

यावर इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोसोबत ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली. खास छोट्या म्युझियमसाठी, जिथे साधारण दहा हजारांपर्यंत वस्तू आहेत आणि पैसा नाही. त्यातल्या कसोट्या मस्त आहेत. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. एकही वस्तू थेट जमिनीवर नको. गोदामात संग्रहातल्या वस्तूंखेरीज दुसरं काही नको, म्हणजे त्या तुटक्या खुर्च्या आधी बाहेर.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात खुर्च्या बाहेर काढायच्या तर त्या ‘निर्लेखित’ कराव्या लागतात, त्याला फाइल लागते, सह्या लागतात. ही फाइल नेमकी कशी पुढे सरकवली, हे सांगणारा माणूस परिषदेतच भेटतो, आणि तेसुद्धा व्यासपीठावर नाही, चहाच्या रांगेत.

नोंदींचंही तसंच. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय म्युझियम्ससाठी ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय. वस्तूंची माहिती, फोटो, सगळं त्यात भरायचं. पण एका म्युझियमने ‘समई’ लिहिलं, दुसऱ्याने ‘दिवा’, तिसऱ्याने ‘लॅम्प’, तर शोधणाऱ्याला तिन्ही एकत्र कधीच सापडणार नाहीत. कोणता शब्द वापरायचा हे कॉम्प्युटर ठरवत नाही. चार म्युझियमच्या लोकांना एका टेबलाभोवती बसून भांडावं लागतं. तांब्या, लोटा, गडवा आणि कलश यांत फरक काय, यावर दोन तास वाद घालणारी माणसं बाहेरच्याला वेडी वाटतील. पण उद्या एखादी वस्तू चोरीला गेली आणि पोलिसांना वर्णन द्यायचं झालं, की या दोन तासांची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट म्हणजे पत. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या म्युझियममध्ये आली, तेव्हा गर्दी सगळ्यांनी पाहिली. त्याआधी काय होतं ते फारसं कोणी पाहत नाही. वस्तू उसनी देणारं म्युझियम आधी विचारतं. खोलीतली आर्द्रता किती, प्रकाश किती, पेटीची काच कुठली, रात्री पहाऱ्यावर कोण, आग लागली तर काय. हे दोन राज्यांतल्या छोट्या म्युझियममध्येही होतं. या प्रश्नांची उत्तरं द्यायला शिकलेला माणूस असेल तरच कोणी वस्तू उसनी देतं, आणि आधीची ओळख असली तर पहिलं पत्र लिहायला धीर येतो.

कल्पनाही अशाच फिरतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाने २०१५ मध्ये बसमध्ये म्युझियम घालून ते शाळांपर्यंत नेलं. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ हे दालन सुरू झालं, जिथे अंध प्रेक्षक मूर्तींच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहू शकतात. छोट्या म्युझियमला बस परवडणार नाही. पण दोन प्रतिकृती आणि ब्रेलमधली एक पाटी परवडते.

मग सगळ्याच परिषदा अशा उपयोगाच्या असतात का? अजिबात नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा, मग शोधनिबंधाला प्रत्येकी दहा मिनिटं आणि प्रश्नांना वेळच नाही, असा प्रकार कोणत्याही क्षेत्रात चालतो, इथेही चालतो. काही जण येतात ते प्रमाणपत्रासाठी आणि दुसऱ्या दिवशी आसपासचं देवदर्शन उरकून परत जातात. ‘फिरायला जातात’ हा शेरा काही उगाच पडलेला नाही.

पण त्याहून मोठी गोची आहे ती जातं कोण याची. बहुतेक ठिकाणी दरवर्षी जातात ते साहेब. मूर्ती उचलणारा, पेटी उघडणारा, बल्ब बदलणारा माणूस बहुतेकदा कंत्राटी असतो. त्याला ना रजा, ना भत्ता. तूतनखामेनची दाढी निखळली तेव्हा पेटीशी हात कोणाचे होते ते आठवा. २०१३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये सम्राट अशोकाच्या काळातलं रामपूर्वाचं सिंहशीर्ष हलवताना त्याचं नुकसान झालं, तेव्हाही प्रश्न वस्तू उचलण्या-ठेवण्याचाच होता. शोधनिबंधांच्या सत्राला साहेबांनी जावं. पण जड वस्तू कशी उचलायची, पट्टा कुठे बांधायचा, ट्रॉलीवर काय अंथरायचं, या कार्यशाळेला तरी ज्याचे हात लागतात त्यालाच पाठवलं पाहिजे. काही आयोजक आता अशा कर्मचाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी नोंदणी शुल्क कमी ठेवतात. खर्च उरतो तो एसटीचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा.

आणि ज्याला पाठवलं त्याने सोबत काय न्यावं? भाषण नको. मोबाइलमध्ये आपल्या गोदामाचे चार फोटो, बुरशी लागलेल्या चित्राचा जवळून काढलेला एक फोटो आणि गेल्या पावसाळ्यातल्या आर्द्रतेचे आकडे. ते दाखवले की चहाच्या पाच मिनिटांत चार जण भोवती जमतात, त्यातला एक म्हणतो ‘आमच्याकडेही असंच झालं होतं’, आणि फोन नंबर देतो.