पुरुमेंताची भेट: सुकी सुंगटंही नटवून द्या



१ जूनपासून गोव्यात ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची घाई. सुकी सुंगटं, गालमो, खारे बांगडे आपण सोयऱ्यांनाही देतो. पण देतो कसं? जुन्या पेपरात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी! आम्हीही आजवर तेच केलं. मग घेणारा नाक मुरडतो आणि आपल्या आयाबहिणींनी उन्हात बसून केलेली मेहनत कुणाला दिसतच नाही.

यंदा थोडं नटवून देऊया. वाळूवर नको, उंच मांडवावर जाळं पसरून सुकवलेली सुंगटं घ्या, म्हणजे दाताखाली कचकच येत नाही. सारख्या आकाराची निवडून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, गुलाबी-केशरी रंग बाहेरूनच दिसू दे. बांबूच्या टोपलीत बरणीशेजारी काळपट जांभळी सोलं, मूठभर तिरफळं आणि एक नारळ ठेवा. सोबत किसमूर कशी करायची त्याची चिठ्ठी. बांगड्यावर लालसर डाग असतील तर मात्र तो देऊच नका, खराब होऊ लागल्याची ती खूण.

सासरी गेलेली लेक भर पावसात बरणी उघडेल, तेव्हा तिला माहेरचा दर्या दिसला पाहिजे. तुमच्या टोपलीचा फोटो पेजवर नक्की टाका!